मोठा प्लॅन घेण्याआधी भिंतीवरचं सॉकेट बघा

दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात चार-पाच मराठी कुटुंबं नव्यानं येतात आणि महिन्याभरात कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजतं. इंटरनेटचा मोठा प्लॅन घेऊ का?"

लगेच घेऊ नका. आधी वेग कुठे अडतोय ते शोधा.

इथे अजून बऱ्याच घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येतं. रस्त्याच्या कडेला हिरवं कॅबिनेट दिसतं ना, तिथपर्यंत फायबर असतं, पुढे घरापर्यंत जुनी तार. ही लाइन जास्तीत जास्त 80 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, वेगाचं माप) देते, पण तार जितकी लांब तितका वेग गळतो. कॅबिनेटला लागून घर असेल तर 70-80 मिळतात, किलोमीटरभर लांब असाल तर 25-30 वर समाधान मानावं लागतं. तारेची ही मर्यादा कोणत्याही प्लॅननं उठत नाही. मात्र घराच्या आत जो वेग वाया जातो, तो तुम्ही स्वतः परत मिळवू शकता.

आम्ही 2015 मध्ये भाड्याच्या घरात राहायला गेलो, तेव्हा 21 एमबीपीएस यायचे. कंपनीच्या सल्ल्यानं वरचा प्लॅन घेतला, तीन महिने जास्तीचे पैसे भरले, आकडा जागचा हलला नाही. राऊटर आधीच्या भाडेकरूनं ठेवला होता तसाच बेडरूममध्ये होता, टेलिफोनच्या वाढवलेल्या (एक्स्टेंशन) तारेवर. ती तार कपाटामागून, दाराच्या चौकटीवरून फिरवलेली. तो खाली मुख्य सॉकेटला जोडल्यावर त्याच दिवशी 44 मिळाले. त्या तीन महिन्यांत आईशी अर्धवट तुटलेली बोलणी आठवली की आजही वाईट वाटतं. म्हणून हे इतकं सविस्तर सांगते आहे.

बाहेरची तार घरात शिरते तिथे मास्टर सॉकेट असतं, बहुधा पुढच्या दाराजवळ. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला दोन स्क्रू असतात, नव्या सॉकेटला बाजूला खटके असतात. तो भाग हलक्या हातानं पुढे ओढला की आत आणखी एक सॉकेट दिसतं, ते टेस्ट सॉकेट. पुढचा भाग काढल्यावर घरातल्या सगळ्या एक्स्टेंशन तारा लाइनपासून सुटतात. आता राऊटर इथे जोडा, पण मध्ये फिल्टर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी छोटी डबी) हवाच, कारण आतलं सॉकेट फोनच्या पिनचं असतं. लॅपटॉप वायफायवर नाही, इथरनेट केबलनं राऊटरला लावा आणि वेग मोजा. आकडा वाढला तर दोष घरातल्या तारांचा. मग राऊटर कायमचा मास्टर सॉकेटलाच ठेवा. लांबची खोली गाठायची असेल तर टेलिफोनची तार लांबवू नका, इथरनेट केबल ओढा. सॉकेटचा भिंतीला बसवलेला मागचा भाग मात्र उघडू नका, तो ओपनरीचच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारा सांभाळणाऱ्या कंपनीच्या मालकीचा आहे.

टेस्ट सॉकेटलाही वेग तेवढाच राहिला तर दोष बाहेरचा असू शकतो. जुना साधा लँडलाइन फोन चालू असेल तर 17070 फिरवा आणि 2 दाबून शांत लाइन ऐका. खरखर आली तर तक्रार फोनच्या लाइनची म्हणून नोंदवा. टेस्ट सॉकेटची चाचणी करून मगच तंत्रज्ञ बोलवा. दोष तुमच्या घरातल्या तारांचा निघाला तर भेटीचे पैसे तुम्हाला पडू शकतात.

आणखी एक. झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची आपल्याला सवय असते. राऊटरचं बटण चालू राहू द्या, निदान नव्या जोडणीचे पहिले दहा दिवस तरी. लाइन वारंवार तुटताना दिसली की एक्स्चेंजची यंत्रणा तिला अस्थिर समजून वेग आपणहून खाली आणते, आणि तो पुन्हा वर यायला दिवस लागतात.

करार करताना किमान हमीचा वेग लेखी मागून घ्या. ऑफकॉमची (इथल्या दूरसंचार नियामकाची) संहिता मान्य केलेल्या कंपन्यांना तो विक्रीच्या वेळीच सांगावा लागतो. वेग त्याखाली गेला आणि 30 दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. घराचा भाडेकरार बारा महिन्यांचा असेल तर ब्रॉडबँडचा चोवीस महिन्यांचा करार करू नका, मग तो कितीही स्वस्त दिसो. कंपनी बदलणं आता सोपं आहे. सप्टेंबर 2024 पासून नव्या कंपनीला सांगितलं की जुन्या कंपनीकडचं काम तीच पार पाडते.

आणि पोस्टकोड टाकून आधी एवढं तपासाच, तुमच्या पत्त्यावर थेट घरापर्यंत फायबर येतं का. येत असेल तर तांब्याच्या तारेवर एक पौंडही जास्त घालू नका. भिंतीला भोक पाडावं लागतं, म्हणून घरमालकाची परवानगी ईमेलवर घ्या. जुनी टेलिफोन यंत्रणा जानेवारी 2027 पर्यंत बंद व्हायची आहे. त्यानंतर घरचा फोन राऊटरलाच जोडायचा, त्यामुळे वीज गेली की तोही बंद पडणार. घरी आईवडील राहायला आले असतील तर त्यांच्याजवळ चार्ज केलेला मोबाइल असू द्या.

सॉकेट उघडताना अडलात तर मला फोन करा, मी येऊन दाखवीन. फक्त दुपारी अडीच ते तीन सोडून. तेव्हा तिकडे आईचे सात वाजलेले असतात आणि ती फोनजवळ बसलेली असते.