बटेर आणि बदकाचे ब्रेस्ट पीस कोरडे का पडतात? या चुका टाळा

रानातले तित्तिर, लावे मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. पुण्याच्या स्वयंपाकघरात येतो तो फार्मवरचा जपानी बटेर, नाहीतर पाळीव बदक. ब्रेस्ट पीस बिघडतो तो बहुतेकदा त्याला कोंबडीसारखं वागवल्यामुळे.

कातडी काढून आणणं. चिकनवाला सवयीने सोलूनच देतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘कातडीसकट, पिसं काढून’ असं सांगा. बटेराच्या छातीत चरबी नसल्यातच जमा. पातळ कातडी गेली की मांस थेट तव्याला लागतं आणि सुकतं.

अख्खा पक्षी एकाच वेळी शिजवणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तंगडीत चिवट पडदे असतात, ते मऊ व्हायला वेळ लागतो. छातीला तेवढा वेळ दिला की धागे आकसतात आणि रस बाहेर पडतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांत बटेराचा ब्रेस्ट पीस भुशासारखा होतो, मग कितीही रस्सा ओता. छातीच्या मधल्या हाडाला सुरी टेकवून दोन्ही बाजूंनी मांस सोडवा. रस्साच करायचा असेल तर तंगड्या आणि हाडं मंद आचेवर २०-२५ मिनिटं शिजवा. ब्रेस्ट शेवटच्या ४-५ मिनिटांत घाला.

कच्ची पपई लावून रात्रभर ठेवणं. पपईतलं एन्झाइम मांसाचे धागे तोडतं. एवढ्या लहान तुकड्याचा वरचा थर लगदा होतो. तंगडीला लावा, छातीला नकोच. दही तासभर पुरे. त्यापेक्षा मिठाचं पाणी बरं: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात बटेराचे तुकडे फ्रीजमध्ये अर्धा तास. नंतर मसाल्यात मीठ घालू नका.

ओला तुकडा, कोमट तवा. मांस कागदाने टिपून कोरडं करा. बिडाचा तवा चांगला तापवून चमचाभर तेल, कातडी खाली ठेवून २ मिनिटं, उलटून साधारण १ मिनिट. तवा भरून टाकला तर पाणी सुटतं, मांस भाजण्याऐवजी उकडतं. कांदा-लसूण मसाला आधी लावला तर तो करपून कडू होतो. शेवटी तुपात परतून वरून ओता.

बदकाचं उलटं आहे. कातडीखाली जाड चरबी असते, म्हणून तवा गारच हवा. कातडीवर १ सेंटिमीटर अंतरावर तिरप्या चिरा द्या, मांसापर्यंत जाऊ नका. मंद आचेवर कातडी खाली ठेवून १०-१२ मिनिटं, सुटलेली चरबी वाटीत काढत राहा (बटाट्याच्या काचऱ्यांना ती झकास लागते), मग उलटून ३-५ मिनिटं.

रंगावरून शिजलं की नाही ठरवणं. या पक्ष्यांचं मांस मुळातच गडद, रंग फसवतो. थर्मामीटरची सुई जाड भागात बाजूने, हाडाला न लावता खुपसा: ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवा. वाट बघत आणखी दोन मिनिटं ठेवणं म्हणजेच कोरडं करणं. बटेर २-३ मिनिटं, बदक ५-७ मिनिटं विसावू द्या आणि धाग्यांना आडवं कापा.

कोरडं झालंच तर पुन्हा गरम करत बसू नका. बारीक उसवून गरम पांढऱ्या रश्शात वाढताना मिसळा, किंवा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात दोन चमचे तूप घालून सुकं करा.