फायरप्लेसची चौकट: निघण्याआधी एवढं ऐकून जा

दर डिसेंबरात मी नागपूरला येतो आणि अमेरिकेला निघालेली दोन-तीन पोरं धरमपेठेतल्या घरी येऊन बसतातच. बँक, लायसन्स, सिमकार्ड हे तुम्हाला तिथे कोणीही सांगेल. मी फायरप्लेसचं सांगतो. चार-पाच वर्षांनी घर घेतलंत की पहिला हात तुम्ही तिथेच घालणार, हे मी डझनभर घरांत पाहिलंय. विटांचं ते उघडं तोंड बोडकं दिसतं, भोवती लाकडी चौकट आणि वर फळी हवीशी वाटते. शेजाऱ्याने ती शनिवार-रविवारात स्वतः ठोकलेली असते. मग आपण काहून नाही?

भाड्याच्या घरात काहीच करू नका. डिपॉझिट जातं.

मी २०११ साली घर घेतलं. लहानपणी बाबांसोबत लकडगंजात सागवान घ्यायला जायचो, अंगणात मिस्त्री रंधा मारत बसायचे, त्यामुळे सुतारकाम आपल्याला कळतं असा माझा समज. ओकची चौकट केली. उभे खांब तोंडापासून ३ इंचांवर, कारण मधली टाइलची पट्टी तेवढीच छान दिसत होती. फळी तोंडाच्या ९ इंच वर आणि ७ इंच पुढे आलेली. घरी येणारा प्रत्येक मराठी माणूस तिच्यावरून हात फिरवून जायचा. तिसऱ्या हिवाळ्यात मी फळीच्या पोटाखाली हात घातला, तर पॉलिशला फोड. खांबाची आतली कड कडक चहाच्या रंगाची झालेली. चिमणी साफ करायला आलेल्या माणसाने टॉर्च मारला आणि एवढंच म्हणाला, आता यात काडी लावू नकोस. रोज थोडं थोडं भाजलेलं लाकूड पुढे कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. उखडणं, भिंत दुरुस्त करणं आणि नवी चौकट, सगळे मिळून १८०० डॉलर गेले. बायको अजून आकडा काढते.

आता नियम नीट ऐका. विटांच्या फायरप्लेसला, तिथल्या घरबांधणीच्या संहितेप्रमाणे, तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारं काहीच नको. ६ ते १२ इंचांमध्ये लाकूड चालतं, पण तोंडापासूनच्या दर इंचाला १/८ इंचच पुढे यायला हवं. म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत इंचाला एक सूत! ८ इंचांवर ८ सूत, म्हणजे १ इंच. माझ्या फळीला ९ सूत मुभा होती, सव्वा इंचाला एक सूत कमी. आणि मी ७ इंच पुढे काढलेली. रुंद फळी हवी असेल तर १२ इंचांच्या वर जा. आधी भिंतीवर निळी कागदी टेप लावून चौकट आखा, आठवडाभर बघा, मग करवत काढा.

हे विटांच्या फायरप्लेसचं झालं. नव्या घरांत बहुतेक गॅसचं नाहीतर कारखान्यातून तयार आलेलं असतं. तिथे इंचा-सुताचा हा हिशोब विसरा आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल काढा. त्यात लिहिलंय तेच अंतर. मॅन्युअल हरवलं असेल तर आतल्या धातूच्या पट्टीवर मॉडेल नंबर सापडतो.

लाकूड आणल्या आणल्या कापू नका. पावसाळ्यात आपल्याकडे दारं फुगून अडकतात ना, तिथे उलटं होतं: हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी पडते की लाकूड आक्रसतं आणि कोपऱ्यांत फटी पडतात. आठ-दहा दिवस त्याच खोलीत पडू द्या. रंग मारणार असाल तर पॉपलर पुरतं, ओकवर पैसे घालू नका. फळी भिंतीतल्या लाकडी खांबांना ठोका, ते बहुधा १६ इंचांवर असतात. नुसत्या जिप्समच्या भिंतीत स्क्रू मारला तर फळी पायावर येते.

शेजारी हत्यारं आनंदाने देतो, चहाला बोलवायला मात्र वर्ष लागतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या लोकांचं मला जास्त वाटतं. एक जण फायरप्लेसवर ७५ इंची टीव्ही लावतो, मग सगळे लावतात आणि सगळ्यांच्या माना दुखतात. गणपतीत त्याच फळीवर थर्मोकोलचं मखर बसतं. सप्टेंबरात एखादी थंड संध्याकाळ निघाली की कोणीतरी हौसेने खाली लाकडं पेटवतंच. मी दोनदा भर आरतीत उठून विझवायला लावलंय.