आखाड आहे तोवर जादा कोंबडे काढा, पण हाल करून नको

होळीच्या आसपास खुडूक कोंबडी बसवलेली असेल तर ती पिल्लं आता तीन-साडेतीन महिन्यांची झाली असणार आणि त्यातले निम्मे नर निघालेले असणार, कारण २१ दिवसांनी अंड्यातून काय निघावं हे काय आपल्या हातात नसतं. आता त्यांनी पहाटे चारपासून बांग द्यायला सुरुवात केली असेल, एकमेकांचे तुरे फोडत असतील आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना, दिवसभर पळवत असतील. निर्णय घ्यायची वेळ हीच आहे. गटारीपर्यंत गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक घरी चालत येतं, एकदा श्रावण लागला की कोणी विचारत नाही, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, म्हणजे थेट दसऱ्यापर्यंत ग्राहक नाही असं धरून चाला. विदर्भात पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आणि कोकणात गौरीच्या तिखट्या सणाला थोडी मागणी निघते, पण तेवढ्याच्या भरवशावर बसू नका.

खर्चाचं सांगतो. मोठा कोंबडा दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खातो. पाच जादा कोंबडे श्रावण ते दसरा सांभाळले तर ३५ ते ४२ किलो दाणा जातो, तुमच्याकडच्या भावाने गुणून बघा. उन्हाळ्यात बाहेर चरून भागतं तसं पावसाळ्यात होत नाही, दिवस दिवस खुराड्यात बसून राहतात, आणि खरा त्रास तिथेच आहे. कोंडलेल्या जागेत चार-पाच नर असले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, डोक्यामागे टक्कल पडतं, जखमा होतात, पावसात त्या चिघळतात आणि अंडी कमी होतात ते वेगळंच. लोक म्हणतात जीव घ्यायला नको वाटतो म्हणून ठेवलेत. ठीक आहे, पण रोज मार खाणाऱ्या कोंबड्या आणि कोपऱ्यात दबून बसलेला हरलेला कोंबडा बघितला की कळतं, निर्णय लांबवल्याने जास्तच हाल होतात.

किती ठेवायचे? आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, वर एखादा स्पेअर. नुसती खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते आणि ती अंडी टिकतातही जास्त. हे अजूनही बऱ्याच जणांना खरं वाटत नाही!

कोणता ठेवायचा यात लोक चुकतात. सगळ्यात मोठा, सगळ्यात भांडकुदळ तोच ठेवतात, कारण दिसायला रुबाबदार. तसं करू नका. दाणा सापडला की स्वतः न खाता कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो, घार दिसली की आवाज देतो, पाय सरळ, बोटं वाकडी नाहीत, आणि चांगली अंडी देणाऱ्या कोंबडीचा आहे, असा ठेवा. पोरांच्या अंगावर धावून जाणारा पहिला काढायचा, त्याची पायामागची नखी डोळ्याला लागली तर केवढ्याला पडेल. आणि ठेवलेला नरसुद्धा दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कोणाशी बदलून घ्या, नाहीतर घरातल्या घरात पैदास होऊन पिल्लं बारकी आणि कमजोर निघायला लागतात.

विकायचा असेल तर वजनावर विका, नगावर व्यापारी फसवतो. देवाच्या मानाला लाल, काळा किंवा उलट्या पिसांचा कोंबडा लागतो म्हणून लोक शोधत येतात, तसा असेल तर थांबायला हरकत नाही, भाव चांगला मिळतो. असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा, असेल तर कोण घेतोय ते बघा, झुंजीसाठी देऊ नका, प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० सालापासून आहे आणि झुंजी लावणं त्यात गुन्हा आहे. आणखी एक, परसातल्या कोंबड्या बहुतेक घरात बाईच्या असतात, तिनेच दाणापाणी केलेलं असतं, तेव्हा बाजारात न्यायच्या आधी तिला विचारा आणि पैसे तिच्याच हातात द्या.

बाजारात नेताना पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटे लटकवून नेतात ते बंद करा. सांधे निखळतात, श्वास कोंडतो. डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात न्या, वर कोरडं, सैल कापड टाका, अंधारात तो गप्प बसतो.

आता घरी कापायचा असेल तर. आदल्या रात्री, तो दांडीवर झोपलेला असताना हळूच उचला, अंधारात कोंबडा ओरडत नाही की पळत नाही. दिवसा अंगणभर पळवून पकडलेला कोंबडा घाबरून धापा टाकत असतो, मांसही कडक लागतं. पंख अंगाशी दाबून, काखेत घेऊन न्या. रात्रभर वेगळ्या डालग्याखाली ठेवा, दाणा बंद, पाणी चालू. आठ ते बारा तास उपाशी ठेवलं की आतडी रिकामी होतात, साफ करताना घाण होत नाही. त्याहून जास्त उपाशी ठेवू नका.

सकाळी बाकीच्या कोंबड्यांपासून आडोशाला. सुरी आधीच धार लावून ठेवा, नखावर टेकवली की न घसरता धरली पाहिजे, बोथट सुरीने घासत बसणं म्हणजे पापच. पोत्याचा खालचा कोपरा कापा, एवढंच भोक की डोकं आणि मान बाहेर येईल, त्यात कोंबडा उलटा घाला आणि पोतं खुंटीला टांगा. पंख आवळले जातात म्हणून फडफड होत नाही, पंख मोडत नाहीत आणि अंगावर रक्त उडत नाही. एका हाताने डोकं धरून जबड्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूच्या रक्ताच्या मोठ्या नसा तुटतील असा एकच खोल काप. मानेच्या खालच्या भागात कापलं तर रक्त हळू जातं आणि तो उगाच जास्त वेळ शुद्धीत राहतो. काही घरांत जड कोयत्याने लाकडावर एका घावात करतात, तेही चालतं, पण कोयता धारदार आणि धरणारा माणूस पक्का हवा, दुसरा घाव मारायची वेळ येता कामा नये.

नंतर पाय झाडतो, अंग आखडतं. ती मज्जातंतूंमुळे आपोआप होणारी हालचाल असते, तेव्हा त्याला शुद्ध नसते. तरी दोन मिनिटं पूर्ण थांबा. श्वास बंद झालाय का बघा, डोळ्याच्या बुबुळाला बोट हलकं लावा, पापणी हलली नाही म्हणजे गेला. त्याआधी गरम पाण्यात घालायचा नाही, ही गोष्ट घाईत होते आणि फार वाईट आहे.

जखमी किंवा लुळा झालेला लहान पक्षी असेल तर मान ओढून सोडवायची पद्धत आहे, ३ किलोच्या आतल्या पक्ष्यालाच. डाव्या हातात दोन्ही पाय, उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत कवटीमागची मान, एका झटक्यात खाली ताणून डोकं मागे वळवायचं, मणक्यात बोटभर फट लागते. जून गावरान कोंबड्याची मान फार चिवट असते, त्याच्यावर हे करू नका आणि ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांनी आधी जाणत्या माणसाकडून शिकून घ्या. मान गरागरा फिरवणं, दगडावर आपटणं, पाण्यात बुडवणं हे कशातच बसत नाही. जमत नसेल तर सरळ खाटकाकडे न्या, त्यात कसली आली लाज, फक्त समोर उभं राहून लगेच करून घ्या, त्याच्या पिंजऱ्यात दिवसभर सोडून येऊ नका.

आजारी पक्षी कापून खाऊ नका आणि विकूही नका. हिरवट हगवण, वाकडी मान, घरघर असेल तर मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते. एकदम चार-पाच मेले तर हात न लावता गुरांच्या दवाखान्यात कळवा, २००६ ला नवापूरला आणि २०२१ ला परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू येऊन गेलाय. जंताचं किंवा दुसरं औषध दिलेलं असेल तर बाटलीवर किती दिवस थांबायचं लिहिलेलं असतं, तेवढे दिवस जाऊ द्या.

पिसं आणि आतडी ओढ्यात टाकू नका, पावसात ती खालच्या वस्तीच्या पाण्यात जातात. दोन फूट खड्डा, वर चुना, वर माती आणि दगड, नाहीतर कुत्री उकरतात. कच्ची आतडी घरच्या कुत्र्याला घालायची सवय लावली की पुढे तो जिवंत कोंबडीवरही डोळा ठेवतो.

पिसं काढायला ६० ते ६५ डिग्रीचं पाणी बास, उकळतं घेतलं तर कातडी फाटते. मग हळद लावून जाळावर भाजून घ्या, आणि एक तर तासाभरात चुलीवर चढवा किंवा चार-सहा तास फ्रीजमध्ये ठेवून मग शिजवा, मधल्या वेळेत मांस ताठरतं. चार-पाच महिन्यांचा असेल तर कुकरच्या पाच-सहा शिट्ट्यांत होतो, दोन वर्षांचा जुना नर असेल तर त्याचा रस्साच करा, तास-दीड तास मंद आचेवर.