जुनी लक्झरी सेदान की नवी छोटी कार? तुलना करताना या चुका टाळा

किंमत सारखी दिसली की लोक लेदर सीट आणि सनरूफ बघून भुलतात, पहिली चूक इथंच. जुनी सेदान फक्त विकत घेताना स्वस्त असते, तिचे पार्ट, टायर, ब्रेक सगळं आजही महागड्या गाडीच्याच भावात येतं, तेव्हा पुढच्या तीन वर्षांचा खर्च आधी मांडा.

सगळ्यात जास्त फसवतं ते एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर (एअर स्प्रिंग) गाडी तोलणारी सिस्टीम. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी चारही चाकं आणि वरच्या बॉडीमधली गॅप बघा, एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा लीक आहे, आणि तशीच चालवली तर हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा पळून पळून जळतो, म्हणजे एका एअर स्प्रिंगच्या खर्चात कॉम्प्रेसरचाही खर्च वाढतो. विकणारे बऱ्याचदा गाडी आधीच चालू करून ठेवतात (मग ती छान उंच उभी दिसणारच!), म्हणून बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

चेक इंजिन लाइट नाही म्हणून खूश होऊ नका. बिघाडाचे कोड कालच पुसलेले असू शकतात, स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, कोड पुसले की त्या पुन्हा सुरू होतात) अपूर्ण दिसले तर का ते विचारा. गिअरबॉक्स ऑइल 'लाइफटाइम' आहे, म्हणजे कधी बदलावंच लागत नाही, असं कुणी म्हणालं तर हसून सोडा, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला बदला म्हणते. ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल (कंपनीनं फुकट बदलून देणं) बाकी आहे का तेही चासी नंबर टाकून बघाच.

सेफ्टीत दोन्हीकडचे लोक गंडतात. स्टार रेटिंग त्या वर्षाच्या टेस्टचं असतं, जुने पाच आणि आजचे पाच एक नाहीत. पण नवी म्हणजे सेफच असंही नाही, २००९ मध्ये अमेरिकेच्या आयआयएचएस या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेनं दोन सीटांची छोटी स्मार्ट फोरटू आणि मर्सिडीज सी-क्लास सेदान समोरासमोर धडकवल्या तेव्हा छोट्या गाडीचे हाल झाले, कारण वजन.

छोटी गाडी एकट्यानं गल्लीत फिरवून फायनल करू नका. चार माणसं, सामान, एसी चालू, आणि हायवेवर ओव्हरटेक, मग बोला. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, डिकी उघडून बघा. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असेल तर कंपनी सांगेल तेच ऑइल, वेळेवर, नाहीतर बेल्टचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनच जातं.