हापसा ओळखीचा, जमीन परकी: सोलापूरहून युगांडात पाण्याच्या कामावर जाताना

युगांडातल्या खेड्यात बोअरवर जो हातपंप दिसतो, तो सोलापूरच्या मेकॅनिकला नवा वाटणार नाही. तिथे त्याला ‘यू-टू’ म्हणतात. मुळात तो आपला इंडिया मार्क-टू, आणि मार्क-टू १९७०च्या दशकात घडला तोच मुळी ‘सोलापूर पंपा’वरून. त्यामुळे यंत्र शिकण्यात फार वेळ जात नाही. खडक, पाणी आणि गाव समजून घेण्यात जातो. कामं फसतात तीही तिथेच.

निघण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते, तीही प्रवासाच्या निदान १० दिवस आधी. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिचे दिवस ठरलेले असतात. तिकीट काढून मग लस शोधायला निघू नका. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या संस्थेकडून वर्क परमिटचं आधी लेखी घ्या. विजेची पिन तिथे तीन चौकोनी पायांची लागते, तेवढा अडॅप्टर बॅगेत टाका.

हाताला सवय मात्र इथेच करून घ्या. सांगोला, मंगळवेढा, करमाळा, कुठल्याही तालुक्यातल्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर ४५ मीटर खोलीचा एक तरी हापसा पूर्ण बाहेर काढा आणि पुन्हा बसवा. ३२ मिमीचे तीन-तीन मीटरचे १५ जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप, त्यात पिस्टन हलवणारे १२ मिमीचे रॉड आणि वर अडकलेलं पाणी, सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन क्लॅम्पवर येतं. क्लॅम्प निसटला तर पाइप-रॉडचा सगळा कॉलम बोअरमध्ये जातो. पाइप लिफ्टर, सेल्फ-लॉकिंग क्लॅम्प, रॉड व्हाइस आणि चेन कपलिंगला आधार देणारं टूल या चार हत्यारांवर हात बसला की पुढचं सोपं.

आता जमीन. आपल्याकडे काळा बेसॉल्ट. वरच्या काही मीटरला केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून आतून घालायचा पाइप) घातलं की खाली बोअर उघडा ठेवला तरी चालतो. युगांडाचा बराचसा भाग जुन्या ग्रॅनाइट-नाइसचा आहे, आणि वरचा थर झिजून मऊ झालेला, अनेक ठिकाणी २०-३० मीटर जाड. पाणी बऱ्याचदा याच थराच्या तळाशी किंवा खालच्या भेगांत असतं. सोलापूरच्या हिशोबाने केसिंग आखूड ठेवलं तर बोअर ढासळतो, नाहीतर गाळ येऊन सिलिंडरचे (पाण्याखालच्या, पिस्टन असलेल्या नळीचे) वायसर महिन्यांत झिजतात. केसिंग घट्ट खडकापर्यंत न्या. पाणी वरच्या थरातच असेल तर तिथे छिद्रांचा पाइप बसवून बाहेरून बारीक खडी भरा. तासाला हजार लिटर पाणी मिळालं तरी हापशाला पुरतं, त्यामुळे जास्त पाण्याच्या मोहाने खोल जाण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते पाइपात. अशा खडकातलं पाणी पुष्कळदा आम्लधर्मी असतं. पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) ६.५ च्या खाली गेला की जीआय पाइपावरचा जस्ताचा थर टिकत नाही. गंज आधी आट्यांवर चढतो, कारण आटे पाडताना तिथलं जस्त निघालेलं असतं आणि पाइपही पातळ झालेला असतो. मग पाणी तांबडं येतं, चहा काळा पडतो, धुतलेल्या कपड्यांवर डाग राहतात आणि बायका पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात. पंप चालू असतो, गाव मात्र त्यावर येत नाही. नोंदवहीत त्याला ‘कार्यरत’ लिहितात, हा आणखी एक विनोद.

तांबडं पाणी दिसलं की आधी लोह कुठून येतंय ते शोधा. पहाटे कुणी हापसण्याआधी हँडल पहिल्या २० वेळा मारताना येणारं पाणी एका बाटलीत घ्या, तासभर सतत हापसून दुसरी बाटली भरा. पहिली तांबडी आणि दुसरी स्वच्छ निघाली तर दोष पाइपाचा. दोन्ही सारख्याच निघाल्या तर लोह जमिनीतलंच आहे आणि पाइप बदलून काही होणार नाही. नव्या बोअरला चाचणी उपसा करतानाच पीएच मोजा. ६.५ च्या खाली असेल तर स्टेनलेस स्टीलचे किंवा यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) पाइप आणि स्टेनलेसचे रॉड घ्या. खर्च जास्त येतो, पण दोन-तीन वर्षांनी सगळा कॉलम बदलण्यापेक्षा तो परवडतो. यूपीव्हीसी घेतलं तर लोखंडी पाइपाचे क्लॅम्प त्यावर वापरू नका, पाइप चिरतो.

बसवताना घाई होते ती ओट्याची. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, स्टँड लेव्हल-बॉटल लावून सरळ, ओट्याचा व्यास पावणेदोन-दोन मीटर, सांडपाण्याची नाली निदान पाच-सहा मीटर लांब. सात दिवस पाणी मारा आणि तोवर हँडल बसवूच नका. बसवलं की मुलं हापसतातच, ओल्या काँक्रीटमध्ये स्टँड हलतो आणि पुढे घाण पाणी त्याच फटीतून बोअरमध्ये उतरतं. शेवटचा रॉड कापताना पिस्टन सिलिंडरच्या तळाला टेकवा, पंपाच्याच पाण्याच्या टाकीच्या वरच्या फ्लँजच्या रेषेत खूण करा, कापा, आणि १२ मिमीच्या डायने आटे पाडा. आट्यांतला कीस पुसायचा राहिला तर नट पूर्ण बसत नाही, आणि काही महिन्यांत रॉड सुटून हँडल एकदम हलकं लागायला लागतं.

पंप बसला की दोन चाचण्या घ्या. मिनिटाला ४० पूर्ण हापसे या वेगाने बादली भरा. १५ लिटरच्या आसपास पाणी यायला हवं. बरंच कमी आलं तर पिस्टनचे कप वायसर तपासा. मग अर्धा तास पंप बंद ठेवा. पुन्हा हापसल्यावर पाचाहून जास्त हापशांनी पाणी आलं तर फूट व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या तळाची झडप) किंवा पाइप गळतोय. साखळीला ग्रीस नियमित लावत गेलं की ती सहसा तुटत नाही. हँडल डावी-उजवीकडे डुलायला लागलं तर अॅक्सलचा नट बघा, मग ६२०४ नंबरचं बेरिंग.

बोअर निर्जंतुक करायला क्लोरिन टाकताना हमखास घोळ होतो. आपल्याकडची ब्लीचिंग पावडर साधारण ३३ टक्क्यांची, तिकडे मिळणारं एचटीएच (जास्त तीव्र क्लोरिन पावडर) ६५-७० टक्क्यांचं. १५० मिमीच्या बोअरमध्ये ३० मीटर पाणी म्हणजे सुमारे ५३० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या डोसासाठी ब्लीचिंग १६० ग्रॅम लागेल, तर एचटीएच फक्त ८०. बादलीत विरघळवून, गाळ बसू देऊन वरचं पाणीच ओता. रात्रभर ठेवा आणि वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी केळीच्या बागेत सोडू नका. केळी तिथलं रोजचं जेवण आहे.

गावाशी बोलताना गर्दीचा हिशोब मांडा. एका पंपावर ३०० माणसं धरतात. माणशी २० लिटर धरले तर २० लिटरचे ३०० पिवळे जेरीकॅन. एक भरायला ५० हापसे, अदलाबदलीसह दीड मिनिट, म्हणजे दिवसाचे साडेसात तास पंप एकसारखा चालणार. बेरिंग आणि साखळी झिजणारच, मग दुरुस्तीचे पैसे आधी जमायला हवेत, हे या आकड्यांनी लवकर पटतं. गावचे एलसी-वन (गावपातळीची स्थानिक परिषद) अध्यक्ष आणि पाणी समिती यांच्याकडे आधी जा. खुशाली विचारल्याशिवाय थेट कामाचं बोलणं तिथे उद्धटपणाचं समजतात. समितीत पाणी भरणाऱ्या बायका हव्यात आणि पैशांच्या पेटीची चावी त्यांच्यापैकी एकीकडे असली तर उत्तम. सुटे भाग सोलापूरहून पोतंभर नेऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानात जो वायसर मिळतो तोच पंपात घाला, आणि दुरुस्ती तिथल्या हँडपंप मेकॅनिककडूनच करवून घ्या. तुम्ही शेजारी उभे राहा, पाना त्याच्या हातात असू द्या.

जेवणाची चिंता फारशी नको. मक्याचा पोशो, उकडलेली केळी आणि घेवडा रोजचाच. शेंगदाणे भरपूर मिळतात. तिखट आणि लसूण असलं की शेंगा चटणी तिथेच कुटता येते. तलावात मात्र पोहू नका, पायही बुडवू नका. बिलहार्झिया या कृमिरोगाच्या अळ्या कातडीतून शिरतात. मच्छरदाणी रोज लावा, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घ्या, परतल्यानंतरच्याही. डॉक्सीसायक्लिन असेल तर ती परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. परतताना लसीचं पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि सोलापुरात आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप भरलाच, तर आफ्रिकेतून आल्याचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.