स्मोक डिटेक्टर लावलाय, पण वाजेल का? बेळगाव भागातल्या घरांनी या चुका टाळा

टिळकवाडीपासून अनगोळ-वडगावपर्यंत नव्या बांधकामांत हल्ली छताला एक पांढरा गोल डबा दिसतो. खानापूर-निपाणीकडच्या नव्या बंगल्यांतही तो पोचलाय. हे काय म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "आगीचं आहे की ते, इलेक्ट्रिशियननं लावलंय." ते वाजतं का, हे मात्र कुणी बघितलेलं नसतं. वायरिंगच्या कामासाठी घरोघर फिरताना मला बिघडलेले डिटेक्टर तसे कमीच सापडतात. सापडतात ते चुकीचे घेतलेले, चुकीच्या जागी लावलेले, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घरच्यांनीच गप्प केलेले.

मुळात वाजणाराच नाही

पहिली चूक दुकानातच होते. दिसायला जवळपास सारखे दोन प्रकार मिळतात. एक स्वतंत्र चालणारा: आत बॅटरी, आतच भोंगा, खाली टेस्टचं बटण. दुसरा हॉटेल-हॉस्पिटलसाठीचा. तो पॅनेलकडून, म्हणजे इमारतीतले सगळे डिटेक्टर जोडलेल्या मुख्य डब्याकडून, येणाऱ्या २४ व्होल्ट डीसीवर चालतो आणि धूर आला की पॅनेलला फक्त कळवतो. बोंब मारायचं काम पॅनेलला जोडलेल्या भोंग्याचं. घरात पॅनेलच नसेल तर हा कळवणार कुणाला? तरी असे डिटेक्टर छताला स्क्रूनं पक्के केलेले सर्रास दिसतात. एका घरी त्याच्या दोन्ही वायरी फॉल्स सीलिंगच्या वर मोकळ्याच सोडलेल्या होत्या, आणि वास्तुशांतीच्या पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवूनही झाला होता.

तपासायचं कसं? स्टुलावर चढा आणि बटण शोधा. बटण दाबून धरल्यावर कानठळ्या बसतील असा आवाज आला तर डिटेक्टर घराचा आहे. बटणच नसेल तर तो काढून स्वतंत्र चालणारा घ्या. काही मॉडेल घरच्या लाइटवर चालतात आणि आधाराला आत बॅटरी असते. तेही चालतील, बटण त्यांनाही असतं.

घेताना ऑप्टिकल, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक प्रकार मागा. गादी, सोफा, वायरीचं आवरण यांची आग आधी बराच वेळ नुसती धुमसते, आणि तो धूर हा प्रकार लवकर ओळखतो. आयोनायझेशन प्रकार भडकलेल्या ज्वाळांना लवकर दाद देतो, पण फोडणीलाही तितक्याच तत्परतेनं ओरडतो. त्याच्या आत अमेरिशियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा असतो. एखादा जुना घरात असेल तर मुलांना तो खोलून बघायला देऊ नका.

पंख्याखाली, कोपऱ्यात, कौलाखाली

आपल्या बहुतेक खोल्यांत छताच्या मधोमध पंखा असतो. 'मध्यभागी लावा' हा सल्ला ऐकून लोक डिटेक्टर पंख्याला खेटून लावतात. पंख्याच्या वाऱ्यानं धूर तिथं टिकतच नाही. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून निदान ९० सेंटिमीटर लांब राहा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातही हवा कोंडलेली असते, म्हणून भिंतीपासून १० सेंटिमीटर तरी जागा सोडा. छताला लावणं जमतच नसेल तर भिंतीवर लावा, पण छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत. दरवाजाच्या चौकटीवर, घड्याळाशेजारी लावलेला डिटेक्टर दिसतो छान, पण धूर त्याच्यापर्यंत उतरेपर्यंत खोली भरलेली असते.

एकच घेणार असाल तर तो झोपायच्या खोल्यांसमोरच्या पॅसेजमध्ये लावा. खरं तर प्रत्येक मजल्यावर एक आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत एक हवा. झोपेत धुराचा वास माणसाला जागं करेल यावर विसंबू नका. स्वयंपाकघरापासून निदान तीन मीटर लांब ठेवा, आणि न्हाणीघराच्या दाराशी नको, वाफेनंही तो वाजतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या कौलारू घरांचं गणित वेगळं. उघड्या कौलांखाली धूर साठत नाही, सांधीसांधीतून निघून जातो. तिथं आढ्याला डिटेक्टर टांगून फारसा उपयोग नाही. झोपायच्या खोलीवर फळ्यांचा माळा असेल तर त्याच्या खालच्या बाजूला लावा. कौलांखाली पक्कं बंद सीलिंग केलेलं असेल तर उताराच्या वरच्या टोकाजवळ, शेंड्यापासून ९० सेंटिमीटरच्या आत लावा, पण अगदी शेंड्यातले १० सेंटिमीटर सोडून. आणि माळ्यावरच्या नारळाच्या सोडणांत, पोत्यांत, जुन्या गाद्यांत आग लागली तर खालच्या डिटेक्टरला ते उशिरा कळणार, एवढं ध्यानात असू द्या. त्या माळ्यावरून गेलेल्या जुन्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, हे बघायला वर्षातून एकदा तरी वर चढा.

टीक-टीक वाजतंय म्हणून काढून ठेवला

"पहाटेधरनं टीक-टीक वाजूलालंय, शेवटी काढून टाकलो बघा." ही तक्रार थंडीत हमखास येते, आणि त्याला कारण आहे. पहाटे गारठा वाढला की कमजोर झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी उतरतो, आणि डिटेक्टर दर ३० ते ६० सेकंदांनी एकदा टीक करतो. आगीचा आवाज वेगळा असतो: तीन मोठे बीप, थोडा विराम, पुन्हा तीन. सुटी टीक म्हणजे 'माझी बॅटरी बदला', दुसरं काही नाही.

बॅटरी काढून डिटेक्टर कपाटात ठेवला की तो तिथंच राहतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी त्याच दिवशी आणा. घेताना अल्कलाइन मागा, रिचार्जेबल नको. नवी घालूनही टीक थांबत नसेल तर आधी टोकं नीट बसलीत का आणि झाकण पूर्ण लागलंय का ते बघा. मग बॅटरी काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल, आणि पुन्हा बॅटरी घाला. एवढ्यानंही भागलं नाही तर डबा उलटा करून मागची तारीख वाचा. डिटेक्टरचं आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून फार तर १० वर्षं. दहा वर्षं झाली असतील तर बटण दाबल्यावर आवाज येत असला तरी बदला, कारण आतला सेन्सर म्हातारा झालेला असतो. बॅटरी सीलबंद असलेल्या मॉडेलमध्ये टीक सुरू झाली की अख्खा डिटेक्टरच बदलायचा.

टेस्ट महिन्यातून एकदा करा. संकष्टी किंवा अमावास्या धरली की आठवण राहते. लायटर किंवा मेणबत्ती धरून टेस्ट करणारेही महाभाग आहेत. त्यानं प्लास्टिक वितळतं आणि काजळी आत बसते. बटण पुरेसं आहे. वर्षातून एकदा मात्र मुलं झोपल्यावर बटण दाबून बघा. गाढ झोपेतली लहान मुलं या आवाजानं बरेचदा उठत नाहीत. आजी-आजोबांना हा उंच पट्टीचा आवाज ऐकूच येत नाही, असंही होतं. मुलांना कोण उठवणार आणि म्हाताऱ्या माणसाला हात कोण देणार, हे त्याच दिवशी ठरवून टाका.

उगाच वाजतो म्हणून पिशवी बांधली

लक्ष्मीपूजनाचा ऊद, मिरचीची फोडणी, श्रावणातली दमट हवा, दिव्यावर येणारी पावसाळी पाखरं, कशानंही डिटेक्टर वाजू शकतो. बारीक किडा आतल्या कप्प्यात शिरला की त्याला तो धूरच वाटतो. यावर पिशवी बांधणं हा उपाय नाही. हश बटण असेल तर ते दाबा. त्यानं डिटेक्टर काही मिनिटं शांत राहतो आणि आपोआप पुन्हा कामाला लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी व्हॅक्युमच्या मऊ ब्रशनं बाहेरच्या फटी साफ करा. ओलं फडकं नको, आणि झुरळांचा स्प्रे त्याच्या आसपासही नको.

रंगकामाच्या वेळी डिटेक्टर झाकावाच लागतो, नाहीतर धूळ आत जाते. पण गणपतीआधी झाकलेला डिटेक्टर तुळशीचं लग्न झालं तरी झाकलेलाच, अशी घरं पाहिली आहेत. नव्या फ्लॅटमध्ये तर कंपनीची रंगीत प्लास्टिक टोपीच काढलेली नसते. आत्ता मान वर करून बघा.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या घरांसाठी थोडं सविस्तर. खाली माग आणि वर बिऱ्हाड, अशी रचना तिथं नेहमीची. मागाच्या खोलीत सुताची इतकी तूस उडते की स्मोक डिटेक्टर चार दिवसांत एकतर सारखा वाजेल किंवा गच्च बुजून मुका होईल. तिथं धुराचा नको, उष्णतेचा डिटेक्टर लावा. साधारण ५७ अंश सेल्सिअसला तो वाजतो, धुळीचं त्याला फारसं वावडं नाही. जास्त धूर-वाफ होणाऱ्या स्वयंपाकघरालाही तोच बरा. स्मोक डिटेक्टर जिन्याच्या वरच्या टोकाला, बिऱ्हाडाच्या दाराशी लावा, कारण खालचा धूर जिन्यातूनच वर चढतो. जमलं तर एक वाजला की सगळे वाजतात असे एकमेकांना जोडलेले घ्या. माग चालू असताना खालचा भोंगा वरच्यांना ऐकू येईलच असं नाही. मागाच्या मोटारीवर, स्टार्टरवर आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवर बसलेली तूस रोज झाडली पाहिजे. ठिणगी पडली की ती बघता बघता पेट घेते.

ज्याचा वासही डिटेक्टरला लागत नाही

स्मोक डिटेक्टर असला म्हणजे गॅस गळतीही कळेल, हा गैरसमज फार घरांत आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. त्याचा डिटेक्टर वेगळा आणि तो लावायचा खाली, जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं कोणतंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदसुद्धा करू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. गॅसच्या सुरक्षा नळीचं आयुष्य ५ वर्षं, सालही नळीवर छापलेलं असतं. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरची खूण वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत द्या.

कार्बन मोनॉक्साइड त्याहून घातकी. त्याला ना रंग ना वास. आपल्याकडे थंडीत न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटतो. न्हाणीघर परसात होतं तोवर ठीक होतं, आता तोच बंब फरशी घातलेल्या, बंद खिडकीच्या बाथरूममध्ये येऊन बसलाय. गॅस गिझरचंही तेच. आंघोळीला गेलेल्याचं डोकं जड झालं, मळमळलं, चक्कर आली, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. त्याला आधी मोकळ्या हवेत आणा. गिझर बाथरूमच्या बाहेरच लावा. बंबातली राख विझलेली दिसली तरी आत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. ती पत्र्याच्या बादलीत काढा, उकिरड्यावर किंवा पिंजराच्या गंजीजवळ टाकू नका. गंजी घरापासून आणि गोठ्यापासून लांब रचा, विजेच्या तारांखाली तर कधीच नको.

बाकीच्या सवयी

जिन्याखाली इन्व्हर्टर, त्याच्यावर रद्दी, शेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. आग लागली तर बाहेर पडायचा जिनाच पेटणार. ही जागा रिकामी करा. चार्जिंग होताना इन्व्हर्टरच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथं हवा खेळती लागते. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून १६ ॲम्पिअरच्या जागी ३२ चा बसवून घेणारे लोक मला नेहमी भेटतात. वायर तीच राहते आणि भिंतीत तापत बसते. देवघरातला नंदादीप काचेच्या हंडीत ठेवा, तुपाच्या वासानं उंदीर पेटती वातच ओढून नेतो.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका, त्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेलं तेल चहूकडे उडतं. गॅस बंद करा, परात झाका, गार होईपर्यंत उघडू नका. अग्निशामक सिलिंडर एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा घ्या. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघत जा, आणि तो शेगडीच्या वर नव्हे, बाहेर जायच्या दाराजवळ टांगा.

राहिलं ग्रिलचं. चोराच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना गज आणि दाराला आतून कुलूप असतं, किल्ली मात्र बाबांच्या उशाखाली. रात्रीच्या कुलपाची किल्ली दाराशेजारी, खिडकीतून हात पोचणार नाही पण घरातल्या लहान मुलाला मिळेल, अशा खिळ्यावर अडकवा. वरच्या मजल्यावरच्या एका तरी खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं करून घ्या.

फोन बाहेर पडल्यावरच करायचा, ११२ किंवा १०१. पत्ता सांगताना नुसतं गल्लीचं नाव पुरत नाही. जवळचं देऊळ, शाळा, बसस्टॉप सांगा, आणि गल्ली अरुंद असेल तर तेही आधीच सांगा. घर मळ्यात असेल तर एकाला टॉर्च देऊन रस्त्याच्या फाट्यावर उभं करा, नाहीतर आगीचा बंब आला तरी तुमची वाट शोधत फिरत राहील.