पुळणीतली वाडी: पाऊस सरला, आता खताचं बघा

पावसाने पाठ फिरवली, भातकापणी निम्म्यावर आलीय आणि वाडीत नारळाला खताचा दुसरा हप्ता द्यायची वेळ झालीय, तर किनाऱ्यालगत पुळणीत, म्हणजे वाळूच्या जमिनीत, ज्यांची वाडी किंवा भाजीचे वाफे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. वर जांभ्याच्या मातीवाल्यांचं दुखणं वेगळं, तिकडे स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून बसतं. आपल्याकडे उलटं, काही अडकतच नाही. आळ्यात बादलीभर पाणी ओता, बादली खाली ठेवेपर्यंत गायब! त्या पाण्याबरोबर युरियाही जातो, पोटॅशही जातं, आणि अख्ख्या पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाणी याच वाळूतून खाली गेलंय, म्हणजे जूनमध्ये टाकलेलं आता फारसं उरलेलं नाही असंच धरून चाला.

मोठ्या नारळाला वर्षाला 50 किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश ही आपल्याकडची शिफारस, त्यातलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकदम, युरिया-पोटॅश मात्र जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असं तीन हप्त्यांत. म्हणजे आत्ता झाडाला पाऊण किलो युरिया आणि साधारण तेवढंच, थोडं कमी, पोटॅश. मी तर हा हप्ताही तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा देतो, मेहनत वाढते पण पुळणीत एकदम टाकलेलं खत म्हणजे विहिरीला दिलेलं खत. आणि बुंध्याला चिकटवून टाकू नका हो, खाणारी मुळं बुंध्यापासून दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात जास्त असतात.

आता शेणखत. लोक म्हणतात 50 किलोत नत्र किती, जेमतेम पाव किलो, मग एवढी ओझी वाहायची कशाला. अहो, वाळूत शेणखत पोटाला कमी आणि साठवणीला जास्त लागतं. कुजलेल्या सेंद्रिय भागाला पोटॅश, मॅग्नेशियम, अमोनियम धरून ठेवायची ताकद असते, वाळूच्या कणाला ती जवळपास नसतेच. फक्त आपल्या दमट उष्ण हवेत हा कुजलेला भाग लवकर संपतो, म्हणून दरवर्षी भर घालावी लागते, एकदा टाकून पाच वर्षं निवांत असं होत नाही. जूनचं शेणखत राहिलं असेल तर आता द्या, पण पूर्ण कुजलेलंच, अर्धकच्च्या खताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

सोडणं, म्हणजे नारळाची सालं, तर घरचीच असतात, ती बंबात जाळून संपवू नका. दीड-दोन मीटरवर चर मारून सोडणं पोकळ बाजू वर करून थर लावायचे आणि वर माती ओढायची. तीन वर्षांपूर्वी पुरलेलं एक सोडण मी मध्यंतरी उकरून काढलं, बाजूची वाळू कोरडी ठणठणीत आणि सोडण मात्र पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं, फाडून बघितलं तर आत केसासारखी पांढरी मुळं शिरलेली.

पण काथ्याचा भुसा कच्चा वापरू नका, ही चूक मी स्वतः केलीय. फुकट मिळाला म्हणून मिरचीच्या वाफ्यात चांगला जाड थर मिसळला आणि महिन्याभरात रोपं पिवळी पडून जागच्या जागी थांबली, कारण असला भुसा कुजताना जंतू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात, रोपाला उरत नाही. भुसा शेणाबरोबर खड्ड्यात कुजवा, काळा झाला की मग वापरा.

वाफ्यांना गुंठ्याला 200 किलो शेणखत किंवा कंपोस्ट, वरच्या वीतभर मातीत मिसळून, लावणीच्या पंधरा दिवस आधी. बांधावर गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) झाड असेल तर आत्ताच छाटा, कोवळा पाला लवकर कुजतो आणि नत्रही चांगलं देतो. बंदरावरची टाकाऊ मासळी जोरदार खत आहे, पण खारवलेली असेल तर आधी धुवा आणि खड्ड्यातच कुजवा, उघड्या वाफ्यात टाकलीत तर रात्री कुत्री सगळा वाफा उकरून ठेवतील.

पातेरा, म्हणजे वाळून पडलेला पालापाचोळा, जाळायचा मोह होतोच, वाडी साफ दिसते ना! तोच पातेरा आणि झावळांचे तुकडे आळ्यात वीतभर जाड पसरा, बुंध्याला टेकू देऊ नका, वाळवी दिसली तर तेवढा भाग मोकळा करा. खत दिल्यावर पाणी रोज थोडं थोडं द्या, आठवड्यातून एकदा आळं भरलंत तर खत पुन्हा खालीच जाणार. आणि हिरवळीच्या खतासाठी तागाचं बी मे महिन्यातच आणून ठेवा, पहिल्या पावसावर रिकाम्या वाफ्यांत पेरून फुलावर आलं की, म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांनी, गाडायचं.